फॉन्डंटचा केक घरी करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डोंबिवलीत घरूनच केक करते आणि शनिवार-रविवारी चार-पाच जणींना शिकवतेही. प्रश्न कुठेही गाठतात. क्लासमध्ये, फोनवर, भाजी घेताना, सोसायटीच्या जिन्यात. काही इतक्यांदा आले की शेवटी उत्तरं लिहूनच काढली. वाचताना एवढं लक्षात असू द्या: फॉन्डंट म्हणजे साखर, आणि साखर मिळेल तिथून पाणी ओढते. माझ्या आणि माझ्या विद्यार्थिनींच्या बहुतेक फजित्या या पाण्यानेच केल्यात. कलाकुसर त्याच्या मागून येते.

फॉन्डंट म्हणजे नक्की काय? आयसिंगपेक्षा वेगळं कसं?

आयसिंग हा सैल शब्द आहे. केकवर जे जे लावतात ते सगळं त्यात येतं. फॉन्डंट म्हणजे मळून, लाटून केकवर पांघरायचा साखरेचा गोळा. त्यात आयसिंग शुगर, लिक्विड ग्लुकोज, ग्लिसरीन, थोडं वनस्पती तूप आणि बांधणीसाठी जिलेटिन किंवा डिंकासारखी पावडर असते. ग्लुकोजमुळे साखर पुन्हा रवाळ होत नाही, ग्लिसरीन ओलावा धरून ठेवतं म्हणून गोळा मऊ राहतो, आणि डिंकामुळे तो ताणला तरी चटकन तुटत नाही. पेस्ट्रीवर ओततात ते पातळ फॉन्डंट निराळं, त्याबद्दल इथे काही नाही.

मला चित्रकला अजिबात येत नाही. जमेल का?

पुरणपोळी लाटता येते का? करंजीच्या लाट्या ओल्या फडक्याखाली झाकून ठेवायची सवय आहे का? मग जमेल. चित्रकला येणाऱ्या मुली माझ्याकडे येतात आणि पहिल्याच दिवशी अडखळतात, कारण त्या गोळा उघडा ठेवून फोनवर डिझाइन बघत बसतात. पाच मिनिटांत त्यावर साय धरते, मग लाटलं की सुरकुत्या. त्याला केकवाल्या ‘हत्तीची कातडी’ म्हणतात. दिवाळीच्या फराळात मुरलेली बाई मात्र लागेल तेवढाच तुकडा काढते आणि बाकीचं झाकते. एक फरक तेवढा सांभाळा: फॉन्डंटवर ओलं फडकं चालत नाही. क्लिंग रॅप किंवा प्लॅस्टिकची पिशवी घट्ट लपेटायची.

फॉन्डंट शाकाहारी असतं का?

असतंच असं नाही. जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनतं. मार्शमेलो वितळवून करतात त्या फॉन्डंटमध्येही बहुधा ते असतंच, कारण मार्शमेलोत ते असतं. आपल्याकडे मिळणारी बरीच तयार पाकिटं जिलेटिनशिवायची असतात, पण अंदाजावर जाऊ नका, हिरवा ठिपका बघा आणि घटकांची यादी वाचा. सजावटीचे मणी, स्प्रिंकल्स, लाल रंग यांचंही तेच. परदेशातून कुणी आणलेल्या लाल-गुलाबी सजावटीवर ‘ई १२०’ दिसलं तर तो रंग कोचिनियल नावाच्या किड्यापासून केलेला असतो. जैन घरचा केक असेल तर मी प्रत्येक पाकिटाचा फोटो आधी त्यांना पाठवते. ‘एगलेस’ आणि ‘शाकाहारी’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे गिऱ्हाईकच काय, केक करणाऱ्याही विसरतात.

विकतचं घ्यावं की घरी करावं?

पहिले दोन-तीन केक विकतच्यावर करा. चांगला गोळा हाताला कसा लागतो हे एकदा कळलं की मग घरी करून बघा. माझं शाकाहारी प्रमाण देते. ५०० ग्रॅम आयसिंग शुगर चाळून घ्या. मिक्सरवर दळलेली साखर नको, ती कितीही चाळली तरी दाताखाली येते. ४ मोठे चमचे पाण्यात १ छोटा चमचा अगर-अगर पावडर घालून दोनेक मिनिटं उकळा. अगर-अगर म्हणजे आपलं चायना ग्रास, उकळल्याशिवाय ते विरघळत नाही. त्यात २ मोठे चमचे लिक्विड ग्लुकोज, २ छोटे चमचे ग्लिसरीन आणि १ मोठा चमचा वनस्पती तूप घालून गरम असतानाच साखरेत ओता. थांबलात तर भांड्यातच थिजेल. १ छोटा चमचा टायलोज पावडर (गोळ्याला ताठपणा देणारी, डिंकासारखी) घालून मळा, पिशवीत घट्ट बांधा आणि रात्रभर ठेवा. लगेच लाटायला घेतलं तर चिकटेल, चिकटतं म्हणून तुम्ही साखर घालाल आणि सकाळी त्याचा दगड झालेला असेल. रात्र जाऊ द्या.

किती फॉन्डंट लागेल?

हिशेब साडीच्या फॉलसारखा, मोजून करायचा. केकचा व्यास, अधिक दोन्ही बाजूंची उंची, अधिक दोन इंच हाताशी. ६ इंच व्यासाचा, ४ इंच उंच केक असेल तर ६ + ४ + ४ + २ म्हणजे १६ इंचांची पोळी. ३ मिलिमीटर जाडीला त्याला साधारण साडेपाचशे ग्रॅम लागतं. ८ इंची केकला १८ इंचांची पोळी, म्हणजे जवळपास ७०० ग्रॅम. नवखा हात जाड लाटतो, त्यामुळे सुरुवातीला दीडशे-दोनशे ग्रॅम जास्तच ठेवा. कडेचं कापलेलं परत वापरता येतं, वाया जात नाही.

व्हिप्ड क्रीमच्या केकवर फॉन्डंट लावलं तर?

तासाभरात रडू लागेल. शब्दशः. क्रीममधलं पाणी साखर ओढून घेते, फॉन्डंट आतून विरघळतं आणि केकच्या बाजूंनी रंगीत ओघळ उतरतात. शिवाय क्रीमचा केक फ्रिजबाहेर टिकत नाही आणि फॉन्डंटला फ्रिज मानवत नाही. दोघांचा संसार होत नाही. आत क्रीमचंच सारण हवं असा हट्ट असेल तर बाहेरून गनाशची (म्हणजे चॉकलेट आणि क्रीम एकत्र करून थिजवलेल्या थराची) किंवा घट्ट बटरक्रीमची भिंत घाला आणि केक त्याच दिवशी संपवा.

गनाशचं प्रमाण?

चॉकलेट आणि क्रीम वजनावर मोजायचं. डार्क चॉकलेट क्रीमच्या दुप्पट, व्हाइट तिप्पट. एप्रिल-मेमध्ये मी डार्क अडीचपट आणि व्हाइट चौपटीपर्यंत नेते. हे प्रमाण कंपाउंड चॉकलेट आणि अमूल फ्रेश क्रीमचं आहे. त्या क्रीममध्ये स्निग्धांश २५ टक्के, म्हणजे पाणी बऱ्यापैकी, म्हणून चॉकलेटचा हात सैल सोडावा लागतो. गनाश केकवर लावून रात्रभर थिजू द्या. वर बोट टेकवलं तर खळगा पडता कामा नये. गनाशवरचा प्रत्येक उंचवटा फॉन्डंटवर दिसणार आहे. ‘फॉन्डंटने झाकलं जाईल’ असं म्हणणारीने फॉन्डंट लावलेलं नसतं.

कंडेन्स्ड मिल्कचा एगलेस स्पंज दबतो. काय करू?

स्पंज बदला. एक किलोचा केक गनाश आणि फॉन्डंट चढल्यावर पावणेदोन-दोन किलोंचा होतो, ते ओझं भुसभुशीत स्पंज कसं उचलणार? दह्याचा घट्ट केक, चॉकलेट मड केक, रव्याचा केकसुद्धा चालतो. साखरेच्या पाकाने भिजवताना हात आखडता घ्या. थर लावल्यावर वर एखादं हलकं पुस्तक ठेवून केक तीन-चार तास बसू द्या, नाहीतर नंतर आतली हवा दबून कमरेला वळी येते.

केकवर चढवताना फॉन्डंट फाटतं, खाली चुण्या पडतात. नेमकं कसं करायचं?

आधी सगळी तयारी हाताशी ठेवा. पोळी लाटून झाल्यावर शोधाशोध करायला वेळ नसतो.

गोळा मळून कोमट, लवचिक करा. फारच कडक असेल तर मायक्रोवेव्हमध्ये पाच-सात सेकंद, जास्त नाही. ओट्यावर कॉर्नफ्लॉवर अगदी चिमटीने भुरभुरा आणि मधून मधून पोळी सरकवत, फिरवत लाटा. उलटायची नाही. केकवर ओल्या ब्रशचा एक हात फिरवा. बोटाला दमट लागलं पाहिजे, पाणी दिसता कामा नये. मग पोळी लाटण्यावर गुंडाळून केकवर सोडा आणि पहिल्यांदा वरची कड धरा. फाटतं ते तिथेच, कारण सगळ्या पोळीचं वजन त्या कडेला लोंबकळतं. तळहाताने कड दाबून बसवली की अर्धं युद्ध जिंकलं.

चुण्यांसाठी एक गोष्ट हाताला शिकवायला लागते: खाली ओढायचं नाही, बाहेर उघडायचं. निऱ्या सोडवतो तसं. एका हाताने चुणी अलगद बाहेर फाकवा, दुसऱ्या हाताने वरून खाली दाबत या, मग पुढची चुणी. हे शब्दांत लिहिताना मलाच हसू येतंय, पण क्लासमध्ये ‘निऱ्या’ म्हटलं की सगळ्यांना कळतं.

हवेचा फुगा राहिला तर बारीक सुई तिरकी टोचा आणि बोटाने हवा काढा. सुई मोजून घ्या आणि मोजून परत ठेवा, आणि तिला रंगीत डोकं असू द्या. मागच्या बाजूला फाटलं तर? त्याच रंगाच्या फॉन्डंटमध्ये दोन थेंब पाणी घालून मलम करा, भरा, वाळू द्या. तेवढ्यानेही नाही झाकलं तर तिथे फूल बसवा. मी केलेल्या केकवर मागे एकटंच फूल दिसलं तर काही विचारू नका.

पावसाळ्यात फॉन्डंट चिकट होतं. जुलैचा वाढदिवस, काय करू?

हा प्रश्न दर वर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होतो आणि गणपतीपर्यंत चालतो. मुंबई-कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांच्या घरात असते. ज्या हवेत पापड मऊ पडतो आणि मीठ बरणीत गोठतं, त्या हवेत साखरेच्या पोळीने कोरडं राहावं ही अपेक्षाच चुकीची.

माझा पहिला पावसाळी केक डायनोसॉरचा होता. मान उंच, अभिमानाने ताठ, मीच केलेली. आदल्या रात्री वाळत ठेवला, सकाळी बघते तर साहेबांनी मान खाली घालून केक हुंगायला सुरुवात केलेली. चूक माझीच होती. चोवीस तास आधी केला होता, नुसत्या फॉन्डंटचा, आणि खिडकी उघडी. पोरगा मात्र खूश, म्हणाला डायनो जेवतोय.

आता मी असं करते. पावसाळ्यातली खेळणी-बाहुल्या निदान चार-पाच दिवस आधी घेते आणि फॉन्डंटमध्ये टायलोज किंवा सीएमसी पावडर घालते, २५० ग्रॅमला साधारण एक छोटा चमचा. दोन्हीचं काम एकच: गोळ्याला ताठपणा आणि वाळण्याची घाई. वाळवायला बंद ओव्हन, आतला फक्त दिवा लावलेला. ओव्हन तापवायचा नाही, आणि दारावर चिठ्ठी लावायची, कारण घरात कुणीतरी पिझ्झा गरम करायला ओव्हन सुरू करतंच. एसीची खोली असेल तर उत्तम. वाळलेल्या वस्तू हवाबंद डब्यात ठेवा, आणि डब्याच्या कोपऱ्यात सिलिका जेलची पुडी, केकच्या वस्तूला न लागेल अशी.

मळताना ग्लिसरीन वाढवू नका, ते स्वतःच हवेतलं पाणी ओढतं. हाताला पाणी लावू नका, वनस्पती तुपाचं बोट पुरतं. अख्खा केक शेवटच्या दिवशी झाका. आणि चमक आली, वर थेंब दिसले तर हात लावू नका. पंख्याखाली ठेवा, त्याचं तो सुकतो. बोट लावलंत की ठसा कायमचा.

नागपूर-अकोल्याच्या मैत्रिणींची तक्रार उलटी असते. मेमध्ये ४४-४५ अंशांना हवा इतकी कोरडी की गोळा हातातच भेगाळतो. तिथे ग्लिसरीनचे चार थेंब जास्त घाला, तूप हाताला जास्त लावा आणि दुपारी बारा ते पाच फॉन्डंटला हातच लावू नका. त्या हवेत गनाशही वितळतं.

फॉन्डंटचा केक फ्रिजमध्ये ठेवावा का?

शक्यतो नाही. गनाशचा केक पंख्याच्या थंड खोलीत दोन दिवस सहज राहतो. ठेवावाच लागला तर पुठ्ठ्याच्या खोक्यात, झाकण लावून. बाहेर काढल्यावर खोकं दोन तास उघडायचं नाही. थंड केकवर बाहेरची दमट हवा बसते तेव्हा घाम फुटतो, चष्म्यावर बसतो तसा. तो घाम खोक्याच्या बाहेर बसू द्या. मळलेलं फॉन्डंटही फ्रिजमध्ये नाही, डब्यात, अंधाऱ्या कपाटात.

लाल आणि काळा गडद का येत नाही?

पाण्यासारखा पातळ रंग वापरताय म्हणून. जेल किंवा पावडर रंग घ्या, टूथपिकच्या टोकाने लावा, मळा आणि झाकून रात्रभर ठेवा. संध्याकाळचा गुलाबी सकाळी बराच पुढे गेलेला असतो. तरी भर लाल आणि कुट्ट काळा घरी करण्याच्या नादी मी लागत नाही. इतका रंग ओतावा लागतो की चव कडवट होते, गोळा सैल पडतो आणि पाहुण्यांच्या जिभा निळ्या. ते दोन रंग तयार विकत घ्या. घरीच करायचा असेल तर काळ्यासाठी पांढऱ्याऐवजी कोको घातलेल्या तपकिरीपासून सुरुवात करा.

आपल्याकडच्या नियमांप्रमाणे खाण्यात मोजके आठच कृत्रिम रंग चालतात आणि बहुतेक पदार्थांत त्यांची मर्यादा दहा लाख भागांत १०० भाग आहे. म्हणून मी छोट्या मुलांच्या केकला फिकट रंग सुचवते. आणि जांभळा केक उन्हाच्या खिडकीत ठेवू नका. त्यातला गुलाबी उडतो आणि निळसर राखाडी उरतो.

सोनेरी रंग खाल्लेला चालतो का?

डबीवर काय लिहिलंय ते बघा. ‘एडिबल’ म्हणजे खाण्याचा. ‘नॉन-टॉक्सिक’ एवढंच लिहिलं असेल तर त्याचा अर्थ पोटात गेला तर लगेच विषबाधा नाही, खावा असा नाही. तो काढून टाकायच्या वस्तूंनाच लावा. सोनेरी पावडर पाण्यात कालवू नका, फॉन्डंट चिकट होतं. पटकन उडणारं काहीतरी लागतं. अल्कोहोलमधला लेमन एक्स्ट्रॅक्ट चालतो. व्होडकाही चालते, पण आजी-आजोबांच्या घरचा केक असेल तर आधी विचारा.

पैठणी केक करायचाय. काठ आणि नथ कशी करायची?

साठी, मंगळागौर, आईचा वाढदिवस, साखरपुडा: आमच्याकडे सगळ्यात जास्त मागणी हिलाच. आणि सगळ्यात जास्त बिघडतेही हीच, कारण लोक सोन्यावर जोर देतात आणि रंगाकडे दुर्लक्ष करतात. अंगाचा रंग राणी, वांगी किंवा मोरपंखी भरदार हवा. काठ पांढऱ्या फॉन्डंटचा करून त्यावर सोनं फासलं तर ते राखेसारखं दिसतं. काठाचा गोळा आधी हळदी-पिवळा रंगवा, थोडासा तपकिरी घाला, मग सोनं. जर अशी उठते.

८ इंची केक गनाश-फॉन्डंटसकट साडेआठ इंचांचा होतो, म्हणजे घेर २७ इंचांच्या आसपास. २७ इंचांची एक पट्टी उचलायला जाल तर ती वाटेत ताणून ३० इंचांची होईल आणि नक्षीही लांबेल. तीन तुकडे करा. दीड इंच रुंद पट्टी, टायलोज घातलेली, २ मिलिमीटर जाड. साच्यातून मोर किंवा आसावलीची वेल उठवा. साचा नसेल तर नारळी काठाचे त्रिकोण सुरीनेच कापा, साधे आणि खरे दिसतात. पट्टी दहा-पंधरा मिनिटं उघडी ठेवली की हाताळण्याइतकी ताठ होते. अर्धा तास ठेवलीत तर वळताना तडकेल. चिकटवायला पाण्याचा ब्रश, तोही निथळून. सांधा समोर आला तरी काळजी नको, तिथे नथ बसते.

पदरासाठी पोळी आणखी पातळ लाटा, खाली तीन-चार स्ट्रॉ समांतर ठेवा, वरून बोटाने खळगे दाबा, स्ट्रॉ ओढून काढा. निऱ्या तयार. टोक चिमटीत गोळा करून केकच्या कडेवरून सोडा. नथ मात्र दोन दिवस आधी करायची. टायलोजच्या गोळ्याची सुतळीएवढी दोरी वळून बाटलीच्या झाकणाभोवती अर्धवट गोल लावा आणि वाळू द्या. मग साखरेचे मोती एकेक करून, चिमट्याने, टायलोज-पाण्याच्या गोंदाने बसवा. मध्ये एक लाल, एक हिरवा. मी मोती बसवायला बसले की घरातले दार आपटत नाहीत, एवढी दहशत आहे.

बाहुल्या उभ्या राहत नाहीत.

आत काडी हवी. पण लहान मुलांच्या केकात टूथपिक नको, कुणाच्या घशात जाईल सांगता येत नाही. कोरडी स्पॅगेटी वापरा. धड आधी करा, एक दिवस वाळू द्या, मग डोकं. डोकं नेहमी वाटतं त्यापेक्षा लहान करा, ते जड असतं. तार घालावीच लागली तर ती स्ट्रॉमध्ये घालून मग केकात खोचा, आणि केक देताना तोंडाने सांगा की आत काय काय आहे. चिठ्ठी कुणी वाचत नाही.

कपकेकवर कसं लावायचं?

नवशिक्यांनी सुरुवात इथूनच करावी. अडीच इंचांची चकती, कपकेकच्या डोक्यावर गनाशचं बोट, चकती ठेवून कडेने दाबा. झालं. बिघडला तर एकच बिघडतो, आणि करणारी खाऊन पुरावा नष्ट करते. वरच्या छोट्या वस्तू दोन दिवस आधी करून वाळवा आणि शेवटच्या तासाला बसवा.

डोहाळजेवणाला चंद्रकोर, झोपाळा, धनुष्यबाण, चिंच आणि कैरी, बारशाला पाळणा आणि घुंगुरवाळा, उष्टावणाला चांदीची वाटी. टेडी आणि दुधाची बाटली सगळेच करतात. कैऱ्यांचे बारा कपकेक एकदा करून बघा, बायका हसत हसत उचलतात.

कोणकोणती हत्यारं घ्यावी लागतील?

सुरुवातीला एक गुळगुळीत लाटणं, एक स्मूदर, म्हणजे झाकलेल्या केकवरून फिरवून फॉन्डंट सपाट करायची पट्टी, आणि बारीक ब्रश. बाकी घरात आहे. शंकरपाळ्याच्या फिरकीने शिलाईसारखी कड येते. शेवेच्या बारीक चकतीतून बाहुलीचे केस आणि गवत पडतं, फक्त सोऱ्या वेगळा ठेवा. तिखट शेवेचा वास कितीही घासला तरी जात नाही, सिंड्रेलाच्या केसांना हिंग मीच लावलाय. मोदकाचा साचा तर वरदान आहे.

केकवर गणपती करावा का?

मी करत नाही. मूर्ती केली की शेवटी कुणीतरी तिच्यावर सुरी चालवणार, आणि त्या क्षणी घरातलं एक तरी माणूस गप्प होतं. महापुरुषांच्या बाबतीतही तेच. त्याऐवजी मोदक, दुर्वा, जास्वंद, उंदीरमामा करा. किल्ला करा. हट्टच असेल तर मूर्ती वेगळ्या पाटावर, केकपासून दूर.

फॉन्डंट कुणी खात नाही, काढून टाकतात. मग उपयोग काय?

काढून टाकलं तरी मला राग येत नाही. फणसाची साल कोण खातं? पातळ लाटा, ३ मिलिमीटरच्या वर जाऊ नका, आणि गोळ्यात वेलची किंवा थोडं मीठ घाला, निव्वळ गोडाचा मारा कमी होतो.

पण खाण्यासारखंच हवं असेल तर आपल्याकडे काजूकतली आहे. एक कप काजूपूड, अर्धा कप साखर, पाव कप पाणी. पाक करून पूड घालून आटवा, कोमट असताना तुपाच्या हाताने मळा. तिच्या फुलांना, पानांना, फळांना उत्तम आकार येतो. अख्खा केक मात्र तिने झाकू नका, कडेला भेगा पडतात, आणि जास्त मळली तर तेल सोडते. गोव्यात हे जुनंच आहे. युरोपात मार्झिपान बदामाचं, गोव्यात काजूचं, नाताळच्या कुस्वाडात, म्हणजे तिथल्या नाताळच्या फराळात, साच्यातून काढलेलं आणि ईस्टरला अंड्यांच्या आकाराचं.

केक न्यायचा कसा?

गाडीच्या पायाशी, सपाट जागेवर, खाली रबरी जाळी, एसी चालू. मांडीवर नाही. मांडी उतरती असते आणि ऊबही देते. दोन मजली केक असेल तर खालच्या केकात जाड स्ट्रॉ उंचीला कापून खोचा, त्यावर पुठ्ठा, मग वरचा केक. शक्य असेल तर तिथे जाऊनच चढवा. लोकलने? कपकेक नेलेत, दुपारच्या रिकाम्या गाडीने, पहिल्या वर्गाने. अख्खा केक नाही. त्यापेक्षा रिक्षावाल्याला दहा रुपये जास्त देऊन ‘दादा, खड्डे बघून’ म्हणा. कल्याण-शीळ रस्त्याला त्याचाही उपयोग नाही.

किंमत किती लावावी?

किलोवर नाही, तासांवर. साध्या झाकलेल्या केकला चार तास आणि पैठणीला अकरा तास लागत असतील तर दोघींना एकच भाव कसा? विकणार असाल तर अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी घरगुती व्यवसायालाही लागते, तीही काढून ठेवा.

उरलेल्या फॉन्डंटचं काय?

रंगवार बांधून हवाबंद ठेवलं तर महिना-दोन महिने चांगलं राहतं. कडक झालं तर तुपाच्या हाताने मळा. सगळे रंग एकत्र झाले की मातकट राखाडी होतो, तो दगड, रस्ते, हत्ती यांना चालतो. मागच्या दिवाळीत माझ्या लेकीने तसल्या गोळ्याचे बावीस मावळे केले आणि किल्ल्यावर उभे केले. दुसऱ्या दिवशी सकाळी बुरुजावर मुंग्यांची रांग, आणि अर्धं सैन्य गायब.